न उडालेल्या यानांचे कागदी अवतार

इंग्लंडमधल्या काही तरुणांना १९३० च्या दशकात चंद्रावर जायचं होतं, आणि देशाचा कायदा त्यांना साधा अग्निबाणही उडवू देत नव्हता. १८७५ च्या स्फोटक पदार्थ कायद्यामुळे खासगी माणसांना असे प्रयोग करण्याची सोय नव्हती. फिलिप क्लिएटर यांनी १९३३ मध्ये लिव्हरपूलला ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी स्थापन केली, तेव्हा तिच्या गाठीला पैसाही नव्हता. सभासदांनी मग कागद, पेन्सिल आणि गणित यांवरच भिस्त ठेवली. १९३७ ते १९३९ या काळात त्यांनी तीन माणसांना चंद्रावर उतरवून परत आणणाऱ्या यानाचा आराखडा केला. वजन हजार टनांच्या आसपास. घन इंधनाच्या असंख्य नळ्या षटकोनी जुड्यांमध्ये रचायच्या आणि एकेक नळी जळून संपली की ती सोडून द्यायची, अशी कल्पना. आर. ए. स्मिथ यांनी त्याची चित्रं काढली. आराखडा १९३९ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि त्याच वर्षी युद्ध पेटलं. यान कागदावरच राहिलं.

जगभरात आज अशी माणसं आहेत, जी हेच यान कागदातून उभं करतात. जाड कागदावर भाग छापायचे, कापायचे, घड्या घालायच्या, डिंकाने जोडायचे. चंद्रावर गेलेलं अपोलो किंवा पृथ्वीभोवती फिरलेलं व्होस्तोक करणारे पुष्कळ आहेत. पण या छंदातली एक शाखा केवळ न झालेल्या यानांना वाहिलेली आहे. स्पर्धेत हरलेले आराखडे, पैसे आटले म्हणून थांबलेले प्रकल्प, राजकारणाने गिळलेल्या योजना हा तिचा माल. प्लॅस्टिकचे साचे बनवणाऱ्या कंपनीला असल्या विषयात फारसा नफा दिसत नाही. साचा महाग, गिऱ्हाईक मोजकं. कागदाला साचाच लागत नाही, म्हणून ही यानं कागदाच्या वाट्याला आली.

ही करमणूक आहेच, पण तेवढ्यावर तिची बोळवण करणं अन्यायाचं होईल. कागदी मॉडेल म्हणजे आराखडा वाचण्याची एक कसोशीची पद्धत आहे. चित्रकाराला अडचणीचा भाग सावलीत ढकलता येतो. मॉडेल करणाऱ्याला तो कापून चिकटवावा लागतो.

या कलेची मुळं अवकाशयुगाच्या फार मागे जातात. मार्टिन वाल्डसीम्युलर याने १५०७ मध्ये पृथ्वीचा एक छोटा गोल छापला. म्हणजे त्याने गोल छापला नाही, दोन्ही टोकांना निमुळत्या होत जाणाऱ्या बारा पट्ट्या छापल्या. त्या कापून गोळ्यावर चिकटवल्या की पृथ्वी तयार. ‘अमेरिका’ हे नाव ज्या पहिल्या छापील कागदांवर आलं, त्यांत या पट्ट्या आहेत. पुढे १५२५ मध्ये चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युरर याने भूमितीवरच्या आपल्या ग्रंथात घन आकृत्या उलगडून सपाट कागदावर मांडून दाखवल्या. शाळेत घनाची सहा चौकोनांची घडण कापून डबी करायला लावतात, तिची ही पूर्वपीठिका. सपाट कागद वळवून कोणता आकार मिळतो आणि कोणता काही केल्या मिळत नाही, याचं ज्ञान या दोन कामांत बरंचसं येऊन गेलं आहे. वृत्तचिती आणि शंकू कागदाला मानवतात. गोल मानवत नाही. त्याला पट्ट्यांनी फसवावं लागतं.

छपाई स्वस्त झाली तशी ही विद्या बाजारात आली. फ्रान्समधल्या एपिनाल गावी १७९६ मध्ये सुरू झालेल्या पेलेराँच्या छापखान्याने एकोणिसाव्या शतकात कापून जोडायच्या इमारतींचे रंगीत ताव विकले. जर्मनीत एसलिंगेनच्या श्रायबर प्रकाशनाने त्याच शतकाच्या उत्तरार्धात किल्ले, चर्चं, जहाजं यांचे ताव काढले. दुसऱ्या महायुद्धात धातूची आणि लाकडाची खेळणी दुर्मीळ झाली, तेव्हा ब्रिटनमध्ये जेफ्री हायवे यांची ‘मायक्रोमॉडेल्स’ निघाली. पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यांवर छापलेली आगगाडीची इंजिनं आणि कॅथीड्रलं, इतकी बारीक की पुरं झालेलं मॉडेल तळहातावर मावे. युद्धानंतर पूर्व युरोपात प्लॅस्टिकचे संच आयात करणं परवडत नव्हतं. तिथे पोलंडचं ‘माली मॉडेलाश’ आणि चेकोस्लोव्हाकियाचं ‘आबेत्से’ ही दोन नियतकालिकं १९५७ च्या सुमारास निघाली आणि कात्री-डिंकावर एक अख्खी पिढी वाढली. योगायोग असा की स्पुटनिकही त्याच वर्षीचा.

अवकाशाचं स्वप्न आणि कागद यांची गाठ मात्र त्याआधीच पडली होती. रशियातल्या कालुगा गावी कॉन्स्टान्टिन त्सिओलकोव्हस्की हे शाळेत गणित शिकवत. लहानपणी आजाराने त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. १८९७ मध्ये त्यांनी घरच्या घरी वाऱ्याचा झोत सोडणारं एक यंत्र बनवलं आणि जाड कागदाचे वेगवेगळे आकार त्या झोतापुढे धरून कोणत्या आकाराला वारा किती अडतो हे मोजायला सुरुवात केली. विज्ञान अकादमीने त्यांना या कामासाठी ४७० रूबल दिले. अग्निबाणाने अवकाशात कसं जाता येईल हे गणिताने मांडणारा त्यांचा प्रसिद्ध लेख १९०३ चा. त्यातलं यान कधी बनलं नाही. पण आकार डोळ्यांपुढे यायला हवा, हातात धरता यायला हवा, ही त्यांची ओढ आजच्या कागदी कारागिराला लगेच ओळखू येईल.

या छंदाचं खरं वैभव मात्र अमेरिकेतल्या एका साप्ताहिकात आहे. ‘कोलिअर्स’च्या २२ मार्च १९५२ च्या अंकापासून अवकाशप्रवासावरची लेखमाला सुरू झाली आणि थांबत थांबत ३० एप्रिल १९५४ पर्यंत चालली. वेर्नहेर फॉन ब्राऊन आणि विली ले यांच्यासारखे रॉकेटविद्येचे जाणकार लेखक, संपादनाला कॉर्नेलियस रायन, चित्रं काढायला चेस्ली बोनस्टेल, फ्रेड फ्रीमन आणि रॉल्फ क्लेप. बोनस्टेल मुळात वास्तुरचनेचं शिक्षण घेतलेले. हॉलिवूडमध्ये चित्रपटांची पार्श्वदृश्यं रंगवून आलेले. फॉन ब्राऊन आलेखाच्या कागदावर आकृत्या काढून पाठवत आणि चित्रकार त्यावरून रंगवत. म्हणून ही चित्रं कल्पनाविलास वाटत नाहीत. त्यांना मापं आहेत. मॉडेल करणाऱ्याला आणखी काय हवं?

ही मापंही साधीसुधी नव्हेत. पृथ्वीवरून कक्षेत माल नेणारं तीन टप्प्यांचं फेरी रॉकेट २६५ फूट उंच, बुडाशी ६५ फूट रुंद, उड्डाणाच्या वेळी ७,००० टन वजनाचं. १:१४४ या प्रमाणात ते साधारण ५६ सेंटिमीटर उंच होतं आणि बुडाचा व्यास पावणेचौदा सेंटिमीटर येतो. बाहेरून पाहिलं तर सोपं काम वाटतं. एकावर एक शंकुछेद, आणि वरच्या टप्प्याला पंख. शंकुछेद उलगडला की कागदावर वक्र पट्टी मिळते; तिच्या दोन कडांच्या त्रिज्या बरोबर काढल्या की कागद आपसूक त्या आकारात वळतो.

खरी परीक्षा रॉकेट उलटं केल्यावर होते. पहिल्या टप्प्याला ५१ रॉकेट-मोटारी, दुसऱ्याला ३४, तिसऱ्याला ५ असं लेखात सांगितलेलं आहे. चित्रात बुडाखालचा भाग ज्वाळांनी झाकता येतो. मॉडेल हातात घेणारा माणूस पहिल्यांदा ते उलटं करूनच बघतो, म्हणजे ५१ च्या ५१ तोट्या लावणं आलं. त्या लावायच्या कशा? मध्ये एक, भोवती सहा, त्याबाहेर बारा, मग अठरा, अशी दाट मांडणी केली तर ३७ होतात आणि पुढचं कडं भरलं की ६१. ५१ चा मेळ बसत नाही. चौतिसाचाही बसत नाही. कडी सैल करून, मध्ये जागा सोडून काहीतरी ठरवावं लागतं आणि त्यासाठी आतला भाग उघडा करून दाखवणारी चित्रं भिंगाखाली धरून बसावं लागतं. प्रत्येक तोटी म्हणजे नखाएवढ्या कागदाचा सुईभोवती वळवलेला शंकू. इतक्या मोटारी एकाच वेळी पेटवून सारखा जोर मिळवणं किती जिकिरीचं असेल, हे वाचून समजतंच. पण तिसावी तोटी चिकटवताना ते बोटांना कळतं. सोव्हिएत संघाने पुढे चंद्रासाठी बांधलेल्या एन-१ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात ३० इंजिनं होती, बाहेरच्या कड्यात २४ आणि आत ६. ते १९६९ ते १९७२ या काळात चार वेळा उडवलं गेलं आणि चारही वेळा कोसळलं.

त्याच लेखमालेतलं अवकाशस्थानक म्हणजे २५० फूट व्यासाचं फिरतं चाक. अशा चाकाची कल्पना आधीही मांडली गेली होती. पुला गावी जन्मलेल्या हेरमान पोतोच्निक या ऑस्ट्रियन लष्करातल्या अभियंत्याने नोऊर्डुंग या टोपणनावाने लिहिलेल्या आणि १९२८ च्या अखेरीस निघालेल्या पुस्तकात ३० मीटर व्यासाचं ‘वसतिचक्र’ आहे. पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच, १९२९ मध्ये, तो व्हिएन्नात वारला. फॉन ब्राऊनचं चाक दर २२ सेकंदांना एक फेरी घेणार होतं. हिशेब करून पाहावा: त्रिज्या ३८ मीटर धरली तर कडेला पृथ्वीच्या साधारण एक तृतीयांश गुरुत्वाचा भास होतो. आकडा चोख उतरतो.

सायकलच्या ट्यूबसारखा हा आकार दोन दिशांनी वळलेला, म्हणजे कागदाच्या अगदी मुळावर येणारा. पण कोलिअर्सच्या लेखातच सुटकेची वाट आहे. खरं चाक नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या लवचिक कापडाच्या २० भागांचं बनणार होतं. ते घडी करून वर न्यायचे आणि कक्षेत जोडून हवेने फुगवायचे. मग कागदी चाकही वीस तुकड्यांचंच करावं! प्रत्येक तुकडा म्हणजे दोन्ही टोकांना तिरकी कापलेली आखूड नळी. नळीचा खरा व्यास ३० फूट, म्हणजे १:१४४ ला सव्वासहा सेंटिमीटरच्या थोडा पुढे. ती उलगडली की सुमारे वीस सेंटिमीटर लांबीची पट्टी होते आणि तिच्या दोन्ही कडा लाटेच्या आकारात वरखाली होतात. जिथे पट्टी रुंद तिथे ८.४ सेंटिमीटर, जिथे अरुंद तिथे ६.४. रुंद भाग चाकाच्या बाहेरच्या बाजूला जातो, अरुंद आतल्या. ए-फोर कागदावर अशा तीन पट्ट्या मावतात, वीसांना सात कागद लागतात. गोम एवढीच की प्रत्येक सांध्यात केसभर चूक राहिली तरी एकोणिसाव्या तुकड्यापर्यंत ती साठत जाते आणि विसाव्याला चाक मिटत नाही. अनुभवी माणसं म्हणून आधी पाच-पाच तुकड्यांचे चार पाव भाग करून ते सपाट टेबलावर ठेवून वाळवतात आणि शेवटी एकत्र जोडतात. कक्षेत तुकडे जोडून चाक उभारणाऱ्या अंतराळवीरांपुढेही सांध्यांचा असाच प्रश्न आला असता.

कोलिअर्समधल्या चंद्रयानांची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर १९५२ च्या अंकांत आलेली ही तीन यानं कक्षेतच जुळवायची होती आणि तिथूनच निघायची होती. हवाच नाही, म्हणून निमुळता आकार नको, आवरण नको. १६० फूट उंचीच्या उघड्या सांगाड्यात गोल टाक्या आणि वर माणसांचा गोल कक्ष. तीन यानांत मिळून पन्नास माणसं. बघायला बेढब आणि विचाराने अगदी सरळ. बारा वर्षांनी ग्रमन कंपनीचं खरं चांद्रयान आकाराला येत होतं, तेव्हा तिथेही हवा नसल्याचा फायदा घेणारा हाच विचार कामाला आला. कागदाला मात्र ही यानं छळतात. प्रत्येक टाकी म्हणजे वाल्डसीम्युलरच्या बारा पट्ट्या, आणि सांगाड्याच्या दांड्या काडीहून बारीक. काही जण कागदाची घट्ट सुरळी करून त्या बनवतात, काही दोऱ्याला डिंक पाजून तो ताठ वाळवतात.

हत्यारं मोजकीच. १६० ते २०० जीएसएमचा कार्डशीट कागद, टोकदार पात्याचा कटर, स्टीलची पट्टी, शाई संपलेलं बॉलपेन. हे बॉलपेन महत्त्वाचं. घडीची रेघ त्याने दाबून घेतली की कागद न फाटता सुरेख दुमडतो. नळी वळवायची तर कागदाची ग्रेन, म्हणजे त्यातले तंतू, कोणत्या दिशेला आहे ते आधी बघावं लागतं, नाहीतर नळीला कोन पडतात. पाण्याचा अंश जास्त असलेल्या डिंकाने कागद फुगतो, म्हणून तो टाचणीच्या टोकावर घेऊन लावायचा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात छापलेला कागद हवेतला ओलावा पिऊन अर्धा-एक मिलिमीटर वाढू शकतो. वीस तुकड्यांच्या चाकाला तेवढं पुरतं.

मॉडेल आधी आणि आराखडा नंतर, असंही घडलेलं आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लँगली प्रयोगशाळेत १९५८ मध्ये मॅक्सिम फाजे आणि त्यांचे सहकारी माणसाला अवकाशात नेणाऱ्या पहिल्या कुपीचा आकार शोधत होते. टोकदार यानापेक्षा बोथट बुडाची कुपी वातावरणात परतताना उष्णता बाहेर ठेवते, हा विचार पक्का होत होता. ती खाली येताना कशी वागेल, याचा अंदाज घ्यायला त्यांनी दोन कागदी ताटल्या एकमेकींना चिकटवून वरच्या सज्जातून खाली सोडल्या. त्यातून पुढे मर्क्युरी कुपी आकाराला आली. एक शंकुछेद, वर एक छोटी वृत्तचिती: कागदाला याहून सोयीचं यान नाही.

हेच फाजे १ एप्रिल १९६९ रोजी ह्यूस्टनला काही निवडक अभियंत्यांपुढे बाल्सा लाकडाचं, घरी बनवलेलं सरळ पंखांचं विमान घेऊन आले. ते त्यांनी खोलीत भिरकावलं आणि पुढचं यान असं विमानासारखं उतरेल असं सांगितलं. स्पेस शटलच्या कामाची ही सुरुवात. शटल झालं, पण त्या रूपात नव्हे. अमेरिकेच्या हवाई दलाला कक्षेतून परतताना बाजूला खूप दूरवर जाऊन उतरू शकणारं यान हवं होतं. त्यासाठी त्रिकोणी पंख आले आणि फाजे यांचे सरळ पंख अडगळीत गेले. शटलचे कागदी संच हजारांनी झाले असतील. फाजे यांचं सरळ पंखांचं शटल करणारे थोडे, पण शटल शेवटी त्रिकोणी पंखांचंच का झालं हे त्यांना नीट उमगलेलं असतं.

हरलेल्या आराखड्यांमध्ये अपोलोची भावंडं सर्वांत मोहक आहेत. नासाने २५ ऑक्टोबर १९६० रोजी जनरल इलेक्ट्रिक, मार्टिन आणि कॉनव्हेअर या तीन कंपन्यांना अपोलोच्या प्राथमिक अभ्यासाचं काम दिलं. मे १९६१ मध्ये अहवाल आले. नासाने शेवटी स्वतःचाच आराखडा पुढे रेटला आणि २८ नोव्हेंबर १९६१ रोजी बांधणीसाठी नॉर्थ अमेरिकन कंपनी निवडली. जनरल इलेक्ट्रिकच्या डी-२ आराखड्यात माणसांना परत आणणारी कुपी मध्ये, राहण्या-कामाचा कक्ष एका टोकाला आणि इंजिनांचा भाग दुसऱ्या टोकाला, अशी रचना आहे. हीच मांडणी सोव्हिएत सोयुझची. कोणी कोणाचं पाहिलं यावर वाद घालण्यात अनेकांनी आयुष्यं घालवली. दोन्ही यानं एकाच प्रमाणात शेजारी शेजारी ठेवली की समान भाग जसे दिसतात, तसे फरकही दिसतात, आणि ते बरेच आहेत.

चंद्रावर उतरलेल्या यानाचीही सुरुवातीची रूपं करणारे आहेत. ग्रमनला १९६२ च्या नोव्हेंबरात काम मिळालं, तेव्हाच्या आराखड्यात मोठ्या खिडक्या होत्या आणि बसायला आसनं होती. पाच पाय असावेत असाही विचार होता. शेवटी चार ठरले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की चंद्रावर गुरुत्व कमी, प्रवास थोडा, तर माणसं उभीच का राहू नयेत? आसनं गेली, माणसं काचेच्या जवळ आली, खिडक्या छोट्या त्रिकोणी झाल्या आणि पुष्कळ वजन वाचलं. १९६२ चं गोलसर यान आणि १९६९ चं कोनाकोनांचं यान शेजारी ठेवलं तर हा सात वर्षांचा वाद टेबलावर मांडलेला दिसतो. १९६९ च्या जुलैत गल्फ तेल कंपनीने आपल्या पेट्रोल पंपांवर या यानाचं पुठ्ठ्याचं मॉडेल फुकट वाटलं होतं. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरत असताना अमेरिकेतल्या कितीतरी घरांत दूरचित्रवाणीपुढे मुलं तेच यान जोडत बसलेली होती. कागदी अवकाशयानांच्या इतिहासात एवढा मोठा दिवस दुसरा नाही.

काही यानं न झाल्यामुळे दुर्लक्षित राहिली, तर काही गुप्ततेमुळे. सॅन दिएगोच्या जनरल अ‍ॅटॉमिक कंपनीत १९५८ मध्ये टेड टेलर आणि फ्रीमन डायसन यांनी ‘ओरायन’ हाती घेतलं. यानामागे एकापाठोपाठ छोटे अणुस्फोट करायचे आणि जाड तबकडीवर बसणाऱ्या त्यांच्या दणक्याने हजारो टनांचं यान ढकलायचं. नोव्हेंबर १९५९ मध्ये साध्या स्फोटकांवर चालणारं छोटं प्रतिरूप पॉइंट लोमा इथे सुमारे ५६ मीटर वर गेलं. ते आज वॉशिंग्टनच्या हवाई आणि अवकाश संग्रहालयाच्या ताब्यात आहे. १९६३ च्या कराराने वातावरणातल्या आणि अवकाशातल्या अणुचाचण्यांवर बंदी आली आणि १९६५ मध्ये प्रकल्प आटोपला. कागदपत्रं मात्र बराच काळ कुलपात राहिली. फ्रीमन यांचा मुलगा जॉर्ज डायसन याने जमेल तेवढं गोळा करून २००२ मध्ये पुस्तक काढलं, तेव्हा कुठे तबकडी, धक्के शोषणारे दांडे आणि वरचा मजला यांची जुळणी अनेकांना उलगडली.

सोव्हिएत बाजूची कुलपं याहून पक्की. आपण चंद्रावर माणूस उतरवण्याच्या शर्यतीत होतो, हेच तो देश वीस वर्षं नाकारत होता. १९८९ च्या अखेरीस अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्राध्यापकांना मॉस्कोच्या विमानविद्या संस्थेत एल. के. हे एका माणसाचं चांद्रयान प्रत्यक्ष पाहायला मिळालं. सोव्हिएत अंतराळवीर अ‍ॅलेक्सी लेओनोव्ह ज्यात बसून उतरण्याची शक्यता होती, ते हे यान. पृथ्वीच्या कक्षेत त्याच्या माणसाविना चाचण्या १९७० आणि १९७१ मध्ये झाल्या होत्या, पण ‘कॉसमॉस’ या सरसकट नावाच्या अनुक्रमांकांखाली त्या दडवल्या गेल्या. मग छायाचित्रं बाहेर आली, मापं आली आणि पाठोपाठ कागदी मॉडेलं आली.

घराघरांत प्रिंटर आल्यावर कागदी मॉडेलाला छापखान्याची गरज उरली नाही. जपानमधून आलेल्या ‘पेपाकुरा’सारख्या आज्ञावल्या संगणकावरचा त्रिमितीय आकार आपोआप उलगडून सपाट घडणी करून देतात. नासाने आपले जुने तांत्रिक अहवाल मोठ्या प्रमाणावर सर्वांसाठी खुले केले आहेत. या सोयींनी काम सोपं झालं, तसं फसवंही. आज्ञावली कोणताही आकार उलगडते. तो १९५२ चा की १९५५ चा, हे तिला कळत नाही. कोलिअर्समधल्या स्थानकाला वीज मिळायची ती आरशाने सूर्याची उष्णता एकवटून पाऱ्याची वाफ करणाऱ्या जनित्रातून. डिस्नेच्या डिसेंबर १९५५ च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातल्या स्थानकावर फॉन ब्राऊन यांनीच अणुभट्टी बसवली. एकाच माणसाचं एकाच कल्पनेचं चाक, तीन वर्षांत दोन रूपं. अर्धं इथलं आणि अर्धं तिथलं घेऊन केलेली मॉडेलं सर्रास दिसतात. ती देखणी असतात, पण तसं यान कोणीही कधी सुचवलेलं नसतं.

म्हणून या वाटेला जाऊ पाहणाऱ्याला सांगणं एवढंच. सुरुवात मर्क्युरी कुपीने करावी, फेरी रॉकेटच्या नादी लगेच लागू नये. बुडाचा व्यास १.८९ मीटर आहे. १:२४ ला तो पावणेआठ-आठ सेंटिमीटर होतो आणि सगळे भाग एका कागदावर बसतात. ती जमली की हवा तो आराखडा घ्यावा, मात्र आधी मूळ रेखाचित्र शोधावं. आणि मॉडेल पुरं झालं की त्याच्या बुडावर आराखड्याचं वर्ष, तो ज्या अहवालातून किंवा अंकातून घेतला त्याचं नाव, प्रमाण, आणि आपण अंदाजाने भरलेल्या जागा कोणत्या, हे पेन्सिलीने लिहून ठेवावं. पुढच्या माणसाला ते लागेल.